साखळी दुकानं रोखता येतात, पण...

श्रीमंत किनारी गावांत शेवटी मोठे ब्रँडच उरतात, स्थानिक व्यावसायिक हद्दपार होतात, असं म्हटलं जातं आणि बऱ्याच ठिकाणी ते खरंही आहे. पण कॅलिफोर्नियातलं कार्मेल-बाय-द-सी बघा. जेमतेम एक चौरस मैलाचं गाव. धंदा हा निवासी वस्तीपुढे दुय्यम, असं त्यांनी १९२९ सालीच कायद्यात लिहून ठेवलं. साखळी रेस्टॉरंटांना (एकाच ब्रँडच्या ठिकठिकाणी शाखा असलेल्या) बंदी आहे, त्यामुळे बाहेर जेवायचं तर स्वतंत्र मालकांकडेच.

नियमांची हौस जरा जास्तच, हेही खरं. दोन इंचांहून उंच, निमुळत्या टाचांच्या चपलांना १९६३ पासून परवाना लागतो! (झाडांच्या मुळांनी पदपथ उचकटलेले, कुणी पडलं तर नगरपालिकेवर दावा नको.) हॉलिवूडचे अभिनेते-दिग्दर्शक क्लिंट ईस्टवुड यांचंही बांधकाम परवानगीवरून नगर परिषदेशी वाजलं आणि १९८६ साली ते निवडून येऊन थेट महापौर झाले.

माझी शंका वेगळी आहे. अशा बंदीमुळे साखळ्या थांबतात, पण गाळ्याचं भाडं वाढायचं थांबत नाही. ज्याचा गाळा स्वतःचा तोच टिकतो. नव्याने धंदा सुरू करणाऱ्या भाडेकरूचं काय, यावर कुणी बोललेलं दिसत नाही.