रशियन: डिप्लोमा झाला, पुढे जावं का?

नौपाडाकरीण

नमस्कार मंडळी. मी ठाण्याची, वय ४३. औषध कंपनीत रजिस्ट्रेशनची कागदपत्रं बघते. रशियाच्या फायली सारख्या टेबलावर यायच्या, म्हणून मुंबई विद्यापीठात कालिन्याला रशियनचं सर्टिफिकेट केलं, मग हौसेनं डिप्लोमा. आता ॲडव्हान्स्ड डिप्लोमाचा फॉर्म समोर आहे आणि हात पुढे होत नाही.

गोळ्यांच्या पाकिटावरचं मी झोपेतही वाचेन. गाडी अडते ती क्रियापदांवर. प्रत्येकाची जोडी, एक पूर्ण झालेल्या कामाचं, दुसरं तसं न सांगणारं. नियम पाठ आहेत, पण तोंड उघडलं की नेमकं नको ते बाहेर पडतं. परवा वर्गात सांगत होते, रविवारी पुण्याहून भाऊ आला. 'प्रियेखल' म्हटलं. बाई म्हणाल्या, "अरे वा, मग आज त्याला घेऊन यायचं ना!" तो तर सोमवारी पहाटेच परत गेलेला. म्हणे 'प्रियेझ्झाल' हवं होतं. सगळा वर्ग हसला. त्यात निम्मी पोरं माझ्या लेकीच्या वयाची.

ठाणे-कुर्ला लोकल, पुढे शेअर रिक्षा, रात्री आल्यावर कुकर. एवढं करून पुढच्या वर्षी हेच दळण असेल, तर सांगा बाई आत्ताच.

पामबीच

ताई, दळण हेच असतं, पण पीठ बारीक येतं. मी नेरूळहून जायचे, हार्बरनं.

तुमच्या भावाचं घ्या. आपण 'भाऊ आलाय' म्हणतो तेव्हा तो घरात बसलेला असतो. 'भाऊ येऊन गेला' म्हटलं की खुर्ची रिकामी. 'प्रियेखल' म्हणजे आलाय, 'प्रियेझ्झाल' म्हणजे येऊन गेला. मला दोन वर्षं हे कळलं नव्हतं, कारण मी मनात इंग्रजी वाक्य जुळवून मग रशियनमध्ये नेत होते. इंग्रजीला मध्ये घेऊच नका.

आणखी एक, मला फार आवडतं ते. नकारार्थी आज्ञेत साधारणपणे अपूर्ण क्रियापद येतं: आत येऊ नको, सिगारेट ओढू नको. पण जे माणूस मुद्दाम करत नाही, चुकून होतं, त्याची ताकीद द्यायची तर पूर्ण क्रियापद: 'न्ये उपदी', 'न्ये झबूद्'. हे 'पडू नको', 'विसरू नको' असं लिहून घेतलं की फरक दिसेनासा होतो. आपली आई काय म्हणते? 'पडशील हं!' 'विसरशील!' बस, तेच ते. त्या दिवशी मी वहीच्या समासात आईचं नाव लिहिलं होतं.

(उच्चारातही आपण नशीबवान. 'चार-पाच' म्हणून बघा. चारमधला च वेगळा, पाचमधला वेगळा. रशियनमध्ये या दोघांना दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. शिवाय लिंगं तीन, आपल्यासारखीच. आमच्या वर्गातले हिंदीवाले नपुंसकलिंगापाशी रडायचे.)

वाचायला काय घ्यावं म्हणाल तर अफानासी निकितीन. त्वेरचा व्यापारी, पंधराव्या शतकात चौलला उतरला, जुन्नरला पावसाळा काढला. सोबत आणलेला घोडा तिथल्या खानानं काढून घेतला, मोठ्या मिनतवारीनं परत मिळाला. मूळ भाषा जुनी आहे, आजच्या रशियनमधला अनुवाद घ्या. शब्द अडला तरी जुन्नरचा चिखल आपल्याला ठाऊक असतो.

गावदेवी_मैदान

नुसती हौस असेल तर वर्ग करा. कागद हवा असेल तर तोर्फलचं बघा, म्हणजे परदेशी लोकांसाठीची रशियनची परीक्षा: व्याकरण-शब्दसंग्रह, वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे पाच भाग. मी ऐकण्यात आपटलो. पुस्तकात 'ओ' दिसतो, पण त्यावर आघात नसला की ते 'अ' म्हणतात. 'मोलोको' शोधत बसलो, कानावर आलं 'मलको'. दूध निघून गेलं.

बाकी बाईंना 'मॅडम' म्हणत असाल तर सोडा. नाव आणि वडिलांचं नाव घेऊन हाक मारायची, आडनाव नाही. आपण हजेरीला वडिलांचं नाव सांगतोच की. फुलं देणार असाल तर विषम संख्येत, सम मयताला नेतात. मी चार गुलाब नेले होते. पुढचं विचारू नका.

नौपाडाकरीण

पामबीच, 'येऊन गेला' वाचलं आणि डोक्यावर हात मारून घेतला. इतकी वर्षं हा शब्द रोज वापरतेय!

गावदेवी, चार गुलाबांचं पुढे काय झालं ते सांगावंच लागेल.

फॉर्म भरला. आज निघताना आई आतून ओरडली, "छत्री विसरशील!" मी चप्पल घालता घालता मनात म्हटलं, 'न्ये झबूद्', पूर्ण क्रियापद, अगदी बरोबर. इतकी खूश झाले की छत्री दारामागेच राहिली. कुर्ल्याला उतरले तर धो धो.