मदत हवी आहे: ५ फुटी रिमलेस (वरच्या कडेला चौकट नसलेल्या) फिश टँकला १२ की १५ एमएम काच?

टँक १५० × ६० × ६० सेंमी, पाणी ५५ सेंमीपर्यंत. वर ब्रेसिंग (आधाराच्या काचपट्ट्या) अजिबात नको, ओव्हरफ्लोसाठी (जादा पाणी बाहेर जायला) भोकही नाही. साधी फ्लोट काच, कडा पॉलिश, तळ थर्माकोलवर पूर्ण टेकलेला. स्टँड लोखंडी, लेव्हल तपासलीय. घर तळमजल्यावर, त्यामुळे वजनाचा प्रश्न नाही.

३.८ सेफ्टी फॅक्टर (काचेची ताकद येणाऱ्या ताणाच्या ३.८ पट) धरून हिशेब केला तर १२ एमएम जेमतेम बसते. काचवाला म्हणतो १० सुद्धा चालेल (तो खिडक्या बसवतो!). १५ घेतली तर काचेचंच वजन १०० वरून १३० किलोच्या आसपास जातं, खर्चही वाढतो.

माझा ३ फुटी टँक ८ एमएमचा आहे, पण ५ फूट लांबीत वरची कड मधोमध किती फुगते याचा अनुभव नाही. याच मापाचा १२ एमएम रिमलेस कुणी दोन-तीन वर्षं चालवलाय का? भरल्यावर मधला फुगवटा किती मिलिमीटर आला?