वघार आणि फोडणी

गुजरातीत फोडणीला 'वघार' म्हणतात. हा शब्द फारसीतून आला असावा, असं कुणाला वाटेल. तसं नाही. मूळ संस्कृत 'व्याघारण', म्हणजे तूप शिंपडणं. होमात अग्नीवर तुपाची धार सोडतात तो 'आघार' आणि 'घृत' हेही त्याच 'घृ' धातूचे. हिंदीतला 'बघार' याचाच सख्खा भाऊ. आपली फोडणी मात्र 'फोडणे'वरून. तेलात मोहरी तडतडून फुटते ना! गुजरातीनं तूप पाहिलं, मराठीनं मोहरी ऐकली, असं मला तरी वाटतं.

बडोद्यातल्या आमच्यासारख्या मराठी घरांत दोन्ही सुखाने नांदतात. आमटीला फोडणीच, पण खिचडी 'वघारेली'. शेजारच्या बेन जिन्यातूनच विचारतात, 'वघार शेनो कर्यो?' आणि आई आतून ओरडते, 'फोडणी आहे हो, हिंग-मोहरीची, लसूण नाही!'