रत्नागिरीसमोर अ‍ॅस्कॅट आणि ओशनसॅट-३ चे वारे जुळत नाहीत

सागरवेध: उपग्रहावरच्या रडारनी समुद्राच्या प्रतिध्वनीवरून मोजलेल्या वाऱ्याचा जुलैचा डेटा बघतोय, एक युरोपच्या मेटऑपवरचं अ‍ॅस्कॅट, दुसरं भारताच्या ओशनसॅट-३ वरचं; रत्नागिरीच्या पश्चिमेला, २५ किमी चौकटींच्या जाळीवर. हवामान मॉडेलशी ताडलं तर केएनएमआय या डच हवामान संस्थेच्या फाइलमधल्या अ‍ॅस्कॅटची दिशा सगळीकडे १८० अंशांनी उलटी. ओशनसॅट-३ ची दिशा ठीक, पण पावसाच्या पट्ट्यात मॉडेलचा वारा ५-६ मी/से असताना हा १० दाखवतो. किनाऱ्यालगत तर दोन्ही वेडेवाकडे. कुठला धरू?

नैर्ऋत्य: उलटी दिशा ही बिघाड नाही. केएनएमआयच्या नेटसीडीएफ स्वरूपाच्या फाइलमध्ये वारा जिकडे जातो ती दिशा असते, हवामानवाले जिकडून येतो ती सांगतात. नैर्ऋत्येचा वारा तिथे २२५ ऐवजी ४५ दिसतो. १८० मिळवा, ३६० ओलांडलं तर ३६० वजा करा. दिशेची खरी संदिग्धता (एकाच मोजमापाला दोन-चार दिशा जुळणं) अशी सरसकट नसते, तुरळक चौकटींत नाहीतर सलग ठिगळात दिसते.

कूबँड: पावसातल्या फरकाचं कारण रडारची तरंगलांबी. ओशनसॅट साधारण १३.५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे २.२ सेंमी, अ‍ॅस्कॅट ५.२५५ वर, ५.७ सेंमी. लहान लांबीला थेंब जास्त त्रास देतात: स्वतः प्रतिध्वनी देतात, वर समुद्राकडून येणारा क्षीण करतात. शिवाय थेंबांच्या माऱ्याने पाणी खडबडीत होतं. वारा मंद असेल तर वेग फुगतो, जोराचा असेल तर उलट कमीही दिसू शकतो. पावसाचा फ्लॅग (पावसाच्या चौकटी वगळायची खूण) लावाच, पण मग जुलैची सरासरी फक्त कोरड्या चौकटींची उरते, हे अहवालात लिहा. अ‍ॅस्कॅटही मुसळधारेत निर्दोष नाही.

आणि वेळ बघा. मेटऑप सकाळी व रात्री साडेनऊच्या सुमारास, ओशनसॅट दुपारी व मध्यरात्री बाराच्या. दोघांना थेट एकमेकांशी ताडू नका.

खारवारा: किनाऱ्यापासून २५-३० किमी सोडाच. जमिनीचा प्रतिध्वनी समुद्रापेक्षा बराच मोठा, ठशाची (रडारला एका वेळी दिसणाऱ्या भागाची) कडा जरी जमिनीला लागली तरी वेग चढतो. किनाऱ्याच्या त्याहून जवळ जायचं असेल तर सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार-चित्र, व्हीव्ही ध्रुवीकरण (लहर उभी पाठवून उभीच घेतलेली), सीएमओडी५.एन (प्रतिध्वनीवरून वेग काढायचं सूत्र). तिथे एकाच कोनातून मोजमाप, म्हणून दिशा मॉडेलमधून द्यावी लागते आणि ती चुकली की वेगही चुकतो. आधी चित्रातली जहाजं काढा, मग १ किमीपर्यंत सरासरी घ्या. डेसिबलमध्ये नव्हे, रेषीय मूल्यांत.

सागरवेध: दिशा जुळली. बॉयशी, म्हणजे समुद्रातल्या तरंगत्या मापनकेंद्राशी, ताडताना?

कूबँड: उपग्रहाचा वारा १० मीटरचा, तटस्थ स्थिरतेचा, म्हणजे हवा-पाण्याचं तापमान जवळपास सारखं धरून काढलेला. बॉयचा मापक ३ मीटरवर असेल तर त्याचा वेग साधारण १२ टक्क्यांनी वाढवा. हवा-पाण्याच्या तापमानात मोठा फरक असेल तर एवढ्यावर भागणार नाही.