मदत हवी आहे: द सिम्स ४ मध्ये चाळ बांधल्यापासून खेळ फार मंदावला आहे, जमवलेली सीसी (कस्टम कन्टेन्ट, म्हणजे हौशी निर्मात्यांनी केलेले जादा कपडे व वस्तू) न गमावता उपाय करता येईल का?

शेवंती:

नमस्कार. मी २०१९ पासून द सिम्स ४ हा सिम्स नावाच्या माणसांची घरे आणि आयुष्ये चालवण्याचा संगणक-खेळ खेळते आहे. गेल्या दीड महिन्यापासून खेळ इतका अडखळतो आहे की अर्ध्या तासाच्या वर तो चालू ठेवणे शक्य होत नाही. ‘सगळे मॉड (खेळात बाहेरून घातलेल्या फाइली) काढून टाका’ हा सल्ला मला याआधीच मिळालेला आहे, पण तो स्वीकारण्याची माझी तयारी नाही, म्हणून अडचण जरा सविस्तर मांडते.

फॉर रेंट हा विस्तार डिसेंबर २०२३ मध्ये आला आणि एका भूखंडावर सहापर्यंत भाड्याची बिऱ्हाडे ठेवण्याची सोय झाली, तेव्हापासून माझ्या आजीच्या गिरगावातल्या चाळीसारखी एक चाळ उभी करावी असे मनात होते. तळमजला आणि वर एक मजला, समोरून जाणारी सामायिक गॅलरी, एकच जिना, मध्ये अंगण, अंगणात तुळशीवृंदावन आणि कोपऱ्यात नळ, असे ते बांधकाम आहे. सहा बिऱ्हाडांत मिळून ३४ सिम्स राहतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेला फॅशन स्ट्रीट हा संच मुंबईच्या रस्त्यावरच्या फॅशनवर बेतलेला आहे आणि तो माझ्याकडे आहेच, परंतु आजीचे नऊवारी लुगडे, नथ, अंबाडा, पितळी पिंप, फडताळ या गोष्टी जगभरातल्या हौशी निर्मात्यांनी केलेल्या सीसीमधूनच घ्याव्या लागतात. त्यांतल्या कित्येक फाइली आता कुठेही उतरवून घेता येत नाहीत, कारण त्यांची पाने बंद झालेली आहेत. म्हणून मला एकही फाइल डोळे झाकून पुसायची नाही.

माझ्या मॉड्स फोल्डरमध्ये सुमारे ११,२०० पॅकेज फाइली (सीसी ज्यात येते त्या) आणि १९ स्क्रिप्ट मॉड (खेळाचे वागणे बदलणारे) असून त्याचा आकार ३४ जीबी आहे. लॅपटॉपला १६ जीबी रॅम आणि ४ जीबीचे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आहे. खेळ एसएसडीवर बसवलेला आहे, पण डॉक्युमेंट्स फोल्डर, म्हणजेच मॉड्स आणि सेव्ह, जुन्या हार्ड डिस्कवर आहे. खेळ सुरू केल्यापासून मुख्य पडदा दिसेपर्यंत १३ मिनिटे लागतात. चाळीत शिरल्यावर कॅमेरा फिरवताना चित्र झटके देत सरकते, आणि सिम्सना काही काम सांगितले तर ते आधी बराच वेळ जागच्या जागी उभे राहतात. तिसऱ्या वेगावर ठेवूनही घड्याळ पुढे जात नाही.

आतापर्यंत मी लोकलथंबकॅशे ही खेळाची तात्पुरती साठवणीची फाइल पुसली, आणि सेटिंग्जमध्ये रिफ्लेक्शन्स (प्रतिबिंबे) बंद केले व अनकॉम्प्रेस्ड सिम टेक्श्चर्सची (सिम्सवर चढवलेल्या पृष्ठभागाच्या चित्रांची) खूण काढली. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. नेमकी कोणती फाइल खेळाला जड जाते हे शोधण्याची काही रीत आहे का? आणि फाइली एकमेकींत मिसळल्या, म्हणजे मर्ज केल्या, तर उपयोग होतो असे वाचले आहे, ते कितपत खरे आहे?

दगडी_जिना:

शेवंतीताई, तुम्ही ‘मंदावला’ या एका शब्दात तीन वेगळ्या तक्रारी सांगितल्या आहेत आणि त्या तिघींची कारणेही वेगळी आहेत. खेळ उघडायला लागणारा वेळ हा प्रामुख्याने फाइलींची संख्या आणि डिस्क यांचा प्रश्न आहे. चित्र झटके देते तो ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न आहे. सिम्स ताटकळत उभे राहतात आणि घड्याळ रेंगाळते त्याला आपण सिम्युलेशन लॅग म्हणतो, आणि त्याचा संबंध प्रोसेसरला दर क्षणी किती निर्णय करावे लागतात त्याच्याशी आहे. हे तिन्ही एकत्र धरून उपाय करायला गेले की हाती काही लागत नाही, म्हणून आधी दोन मोजमापे करावीत अशी विनंती आहे.

पहिले मोजमाप चित्राचे. कंट्रोल, शिफ्ट आणि सी ही बटणे एकत्र दाबल्यावर उघडणाऱ्या चौकटीत ‘एफपीएस ऑन’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहिली की फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रे रंगतात तो आकडा, पडद्यावर दिसू लागतो. तो रिकाम्या भूखंडावर किती, अंगणात जवळून पाहताना किती आणि कॅमेरा दूर नेऊन सगळी चाळ पाहताना किती, हे तीन आकडे टिपून घ्या. दुसरे मोजमाप घड्याळाचे. पहिल्या वेगावर खेळातले एक मिनिट म्हणजे आपला साधारण एक सेकंद, त्यामुळे खेळातला एक तास आपल्या एका मिनिटात सरायला हवा. मोबाइलवरचे स्टॉपवॉच लावून तो किती वेळात सरतो ते पाहा.

ही दोन्ही मोजमापे दोनदा करा: एकदा आहे त्या स्थितीत आणि एकदा मॉड्स फोल्डर डेस्कटॉपवर हलवून. दुसऱ्या वेळी एक काळजी अवश्य घ्या. सेव्हज फोल्डरची प्रत आधी दुसरीकडे काढून ठेवा आणि चाचणी संपल्यावर खेळ सेव्ह न करता बाहेर पडा. सीसी नसताना सेव्ह केले तर सिम्सच्या अंगावरची लुगडी आणि घरातल्या वस्तू त्या सेव्हमधून कायमच्या जातात, आणि मॉड्स परत ठेवल्यावरही त्या आपोआप परत येत नाहीत.

निळी_छत्री:

मोजमापांबद्दल दगडी_जिना यांच्याशी सहमत आहे. मर्ज करण्याबाबत माझा अनुभव सांगते. सीसी तयार करण्याच्या व बदलण्याच्या सिम्स ४ स्टुडिओ या साधनात ती सोय आहे आणि तिने खेळ उघडण्याचा वेळ नक्की कमी होतो, विशेषतः फिरत्या डिस्कवर, कारण हजारो लहान फाइली एकेक करून उघडण्यापेक्षा थोड्या मोठ्या फाइली वाचणे डिस्कला सोपे जाते. मात्र चाळीत शिरल्यानंतरच्या अडखळण्यावर त्याचा विशेष परिणाम होत नाही. मर्ज करण्यापूर्वी दुप्पट झालेल्या फाइली आणि मूळ मेश (वस्तूचा त्रिमितीय आकार) नसलेली रंगांतरे काढून टाका, आणि मूळ सुट्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा. खेळाच्या एखाद्या अद्ययावतीनंतर मर्ज केलेल्या गठ्ठ्यातली एकच वस्तू बिघडली, तर मूळ फाइल हाताशी असलेली बरी.

गठ्ठे निर्मात्यानुसार न बांधता उपयोगानुसार बांधा: केस वेगळे, लुगडी वेगळी, स्वयंपाकघरातल्या वस्तू वेगळ्या. नेहमी बदलणारे मॉड मर्ज करूच नका. स्क्रिप्ट मॉडच्या फाइली मर्ज होतच नाहीत, आणि त्या मॉड्स फोल्डरच्या आत फार तर एका उपफोल्डरमध्ये असाव्या लागतात. पॅकेज फाइली पाच पातळ्यांपर्यंत आत चालतात.

शेवंती:

आपणा दोघांचे आभार. सांगितल्याप्रमाणे शनिवारी सकाळी सगळी मोजमापे केली. मला अपेक्षित होते त्यापेक्षा फार वेगळे चित्र समोर आले, म्हणून आकडे जसेच्या तसे देते.

मॉड्ससह रिकाम्या भूखंडावर फ्रेम रेट ५८, अंगणात जवळून २३ आणि कॅमेरा दूर नेल्यावर १४. मॉड्स काढल्यावर तेच आकडे ६०, ५१ आणि ५५. घड्याळाचा एक तास मॉड्ससह १ मिनिट ३८ सेकंदांत सरला, आणि मॉड्स काढून १ मिनिट २९ सेकंदांत. याचा अर्थ घड्याळ रेंगाळण्याला माझी सीसी आणि मॉड जवळजवळ जबाबदार नाहीत, असे समजावे का? आणि कॅमेरा दूर नेल्यावर मॉड्ससह चित्र आणखी का अडखळते, हे मला कळलेले नाही. दूरच्या गोष्टी लहान दिसतात, तेव्हा काम कमी व्हायला हवे ना?

दगडी_जिना:

होय, घड्याळाबद्दल आपला अर्थ बरोबर आहे. दूरच्या दृश्याचा आकडा तर फार मोलाचा आहे, कारण दोष कुठे आहे ते त्याने जवळपास सांगूनच टाकले आहे.

खेळातल्या प्रत्येक कपड्याच्या आणि केसांच्या मेशची एकच आवृत्ती नसते. कमीअधिक तपशिलाच्या आवृत्त्या एकाच फाइलीत असतात, त्यांना एलओडी म्हणतात. शून्य क्रमांकाची सर्वांत बारकाईची, आणि पुढचे क्रमांक उत्तरोत्तर साधे. सिम जवळ असताना पहिली दिसते, दूर गेल्यावर खेळ साध्या आवृत्तीवर जातो, आणि म्हणूनच गर्दीचे दूरचे दृश्य खेळाला परवडते. परंतु सीसी करताना काही निर्माते तीच बारकाईची आवृत्ती सगळ्या क्रमांकांवर तशीच ठेवतात. मग गॅलरीच्या टोकाला उभ्या असलेल्या, पडद्यावर नखाएवढ्या दिसणाऱ्या बाईच्या अंबाड्याचा केस न् केस खेळ रंगवत बसतो. कॅमेरा दूर नेला की अशा सगळ्या बायका एकाच वेळी दृश्यात येतात आणि फ्रेम रेट कोसळतो. तुमच्या बाबतीत हेच घडते आहे असे मला वाटते.

हे तपासण्यासाठी ११,२०० फाइली उघडण्याची गरज नाही. चाळीतले प्रत्येक कुटुंब खेळातल्या माय लायब्ररीत साठवा आणि ट्रे इम्पोर्टर या साधनात उघडा. त्या कुटुंबाने वापरलेल्या सीसीची यादी तिथे मिळते. त्यातल्या केसांच्या, दागिन्यांच्या आणि लुगड्यांच्या फाइली सिम्स ४ स्टुडिओमध्ये उघडून मेशेस या विभागात प्रत्येक एलओडीची पॉलिगॉन संख्या, म्हणजे मेश ज्या छोट्या सपाट तुकड्यांचा बनतो त्यांची संख्या, पाहा. चारही क्रमांकांवर एकच आकडा दिसला तर ती फाइल संशयित समजा. आकडा हजारांत आहे की कित्येक दहा हजारांत, हेही पाहा. मोकळ्या, खऱ्या केसांसारख्या दिसणाऱ्या केशरचना या बाबतीत सर्वांत जड असतात आणि काष्ट्याची घडी दाखवणारी लुगडीही बरीच जड असू शकतात.

फाइल काढावी लागत नाही. कमी पॉलिगॉनचा मेश ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवण्याच्या साधनात करून दूरच्या क्रमांकांवर बसवता येतो. ते नको असेल तर निदान सिम्स ४ स्टुडिओमध्ये त्या फाइलीची यादृच्छिक निवडीची खूण काढून टाका, म्हणजे खेळ आपण होऊन तयार करत असलेल्या गावकऱ्यांच्या डोक्यावर तो अंबाडा चढणार नाही आणि तो फक्त तुम्ही ज्यांना दिला त्यांच्यापुरता राहील.

घड्याळासाठी मात्र मॉड्सकडे न पाहता चाळीकडे पाहा. प्रत्येक सिम रिकामा झाला की खेळ त्याच्या आवाक्यातल्या वस्तू आणि त्यांचे उपयोग चाळून पुढचे काम ठरवतो, आणि मग तिथपर्यंतची वाट काढतो. सामायिक जागेत सिम्स खूप, वाट अरुंद आणि जिना एकच असेल, तर वाट काढण्याचे काम पुन्हा पुन्हा करावे लागते. गॅलरी जमिनीच्या किती चौकटी रुंद आहे आणि तिच्यात काय काय ठेवले आहे?

शेवंती:

गॅलरी एकच चौकट रुंद आहे. तिच्यात आजीची आरामखुर्ची, चार कुंड्या, सायकल आणि वाळवणाचे ताट आहे. आपला प्रश्न वाचल्यावर मी कॅमेरा वरच्या मजल्यावर स्थिर ठेवून नुसते पाहत बसले. संध्याकाळी सहाच्या सुमारास पाच सिम्स जिन्यातून वर यायला निघतात आणि तीन खाली उतरायला निघतात. खुर्चीपाशी ते समोरासमोर येतात, वळतात, पुन्हा वळतात, आणि त्या सगळ्या वेळात घड्याळ अक्षरशः थबकते. इतके दिवस हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होते आणि मी मात्र फाइलींमध्ये दोष शोधत होते.

गॅलरी दोन चौकटींची केली, सायकल आणि कुंड्या अंगणात आणल्या आणि दुसऱ्या टोकाला आणखी एक जिना दिला. आजीच्या चाळीलाही मागच्या बाजूने दुसरा जिना होता, संडासाकडे उतरणारा, आणि मी तो विसरून गेले होते. आता तासाला १ मिनिट ११ सेकंद लागतात. आरामखुर्ची मी हलवलेली नाही.

ट्रे इम्पोर्टरच्या यादीतून सहा फाइली संशयित निघाल्या. सर्वांत जड निघाला तो एक अंबाडा, जो ३४ पैकी ११ बायकांच्या डोक्यावर होता आणि ज्याच्या चारही एलओडींवर पॉलिगॉनची संख्या एकच होती. नऊ बायकांना खेळातलाच साधा अंबाडा दिला आणि जड अंबाडा आजी व तिची बहीण यांच्यापुरता ठेवला. दूरच्या दृश्याचा फ्रेम रेट १४ वरून ३९ वर आला. मॉड्स फोल्डरमध्ये ६०० च्या वर दुप्पट फाइली सापडल्या, त्या काढून फर्निचरच्या फाइली मर्ज केल्या, आणि उघडण्याचा वेळ १३ मिनिटांवरून ७ वर आला. डॉक्युमेंट्स फोल्डर एसएसडीवर हलवण्याचे काम अजून बाकी आहे.

एक शंका राहिली आहे. आजीच्या नथीच्या फाइलीत पॉलिगॉन थोडेच आहेत, पण फाइलीचा आकार ४८ एमबी आहे. ती जड समजावी का?

निळी_छत्री:

तो आकार बहुधा टेक्श्चरचा असेल. नथीला किती रंगांतरे आहेत ते पाहा. प्रत्येक रंगाला स्वतंत्र चित्र असते, आणि काही निर्माते दागिन्यांसाठीही नेहमीच्या १०२४ गुणिले २०४८ ऐवजी त्याच्या दुप्पट मापाची चित्रे वापरतात. सिम्स ४ स्टुडिओमध्ये फाइलीची प्रत करून त्या प्रतीतून न लागणारे रंग काढा, फक्त आजीच्या अंगावर आहे तो रंग राहू द्या, आणि मूळ फाइल बाहेरच्या डिस्कवर जपून ठेवा. फाइलीचे नाव बदलले तरी चालते, आतला क्रमांक तोच राहिला की नथ आजीच्या नाकात तशीच राहते.