मदत हवी आहे: काल्देराडात मासे विरघळतात, बटाटे मात्र टणकच

इंद्रायणी: घाईत आहे, थेट विचारते. रविवारी सासरची मंडळी जेवायला येताहेत, फर्माईश काल्देराडाची (मासे-बटाट्यांचा रस्सा). दर वेळी तेच रडगाणं: माशांचा भुगा, बटाटे करकरीत आणि रस्सा निव्वळ पाणी. कृती नकोत, त्या ढीगभर वाचल्यात. असं का होतं तेवढं सांगा.

पणजीकर: आपलं गोव्याचं काल्दिन म्हणायचंय का? त्यात बटाटे कशाला? नारळाचा रस, हळद, जिरं, धने, उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या. इसवण घाल, बोटं चाटतील.

इंद्रायणी: काल्दिन नाही हो. नारळ नाही, हळद नाही. पोर्तुगीज काल्देराडा.

चिंबोरी: मासे कोणते? पाणी किती? ढवळतेस का?

इंद्रायणी: काल्देराडासाठी गोठवलेलं मिक्स पाकीट मिळतं ना, तेच. पाणी बटाटे बुडतील इतकं. आणि ढवळलं नाही तर खाली लागणार नाही का?

चिंबोरी: असलं पाकीट कुठे मिळतं गं? दादरला तर कधी दिसलं नाही.

इंद्रायणी: दादर? मी पोर्तुगालमध्ये सेतुबलला असते. नवरा इथलाच.

माजी_लिस्बनकर: सेतुबलला राहून गोठवलेले मासे! सकाळी लिव्रामेंतु बाजारात जा आणि मासेवालीला काल्देराडासाठी हवेत म्हणून सांग, ती तुकडे करून देईल. पाकट, वाम, तांबोरिल (मंकफिश) यांचं मांस घट्ट, ते टिकतात. तारली घ्यायची तर सगळ्यांत वर. गोठवलेल्या तुकड्यांना पाणी सुटतं, त्यात तू आणखी ओततेस, मग रस्सा दाट कसा होणार? वरून पाणी घालूच नकोस. कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची यांचं सुटतं ते पुरतं. सोबत पेलाभर पांढरी वाइन आणि सढळ हाताने ऑलिव्ह तेल.

बटाट्याची गोष्ट वेगळी. टोमॅटो आणि वाइनच्या आंबटपणात तो लवकर मऊ होत नाही. अर्धा सेंटीमीटरच्या चकत्या कर, जाड फोडी नकोत. तळाला कांदा, त्यावर बटाटे, मग बाकीचं, मासे वर. झाकण, मंद आच. चमचा अजिबात घालायचा नाही, पातेलं कानांना धरून हलवायचं.

कुकरवाली: एवढा खटाटोप कशाला? बटाट्यांना कुकरमध्ये एक शिटी द्यायची आणि शेवटी सोडायचे.

माजी_लिस्बनकर: आधीच उकडलेल्या बटाट्यात माशाची चव उतरत नाही. मग काल्देराडा खायचा कशाला?

चिंबोरी: मी मधला मार्ग सांगते. भाज्या आणि बटाटे झाकून १५-२० मिनिटं शिजव, मग वर मासे मांड.

माजी_लिस्बनकर: थर एकदमच लावायचे असतात. कोळ्यांचं जेवण आहे ते, दोन टप्प्यांत कोण करत बसेल!

चिंबोरी: अहो, तिच्याकडे सासूबाई येताहेत, कोळी नाही.

दर्याराजा: तांब्याचा काताप्लाना घ्या, झाकणाचं पातेलंच ते. पोर्तुगालच्या दक्षिणेला आल्गार्वमध्ये त्यातच करतात. शिंपल्यासारखा मिटतो, वाफ आतच राहते.

इंद्रायणी: त्यात दोघातिघांचं होतं. इथे अख्खं कुटुंब आहे.

सात्त्विक: माशांऐवजी सुरण घालून पाहिलं का कोणी?

पणजीकर: वाइन नको असेल तर दोन आमसुलं टाक. मुलांनाही चालतं.

इंद्रायणी: वाइन कोणाला नकोय असं मी कुठे म्हटलं? चिंबोरीताईंचं पटतंय, आधी बटाटे. पण तारली नवऱ्याला हवीच आहे, ती कधी घालू?

चिंबोरी: शेवटची सात-आठ मिनिटं. काटे असतात, लहान मुलांच्या ताटात नको.

माजी_लिस्बनकर: कोथिंबीर उतरवल्यावर. तमालपत्र मात्र तिकडचंच घे, आपल्याकडच्याचा वास निराळा. रस्सा उरला तर दुसऱ्या दिवशी त्यात पास्ता शिजव, मला तर तोच जास्त आवडायचा.

कुकरवाली: शिटीचं कोणी ऐकलंच नाही.

ओवी_७: विषयांतराबद्दल क्षमस्व, पुढच्या महिन्यात लिस्बनला येतेय. ताजा कढीपत्ता कुठे मिळतो?

इंद्रायणी: मार्तिम मोनीजच्या आसपासच्या दुकानांत बघ.