मथळा आणि आतली बातमी
"आतली बातमी बरोबर असेल तर मथळा थोडा चढवून दिला तरी काय बिघडतं, वाचणारा आत वाचतोच की" हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. पुष्कळ लोक मथळ्यावरूनच पुढे सरकतात, हे झालंच. पण जे पूर्ण वाचतात तेही सुटत नाहीत. मानसशास्त्रज्ञ उलरिक एकर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की, दिशाभूल करणारा मथळा आधी वाचला की बातमी वाचूनही लोकांच्या लक्षात राहणारी माहिती आणि त्यावरून काढलेले निष्कर्ष मथळ्याच्या बाजूला झुकतात.

ऑक्टोबर २०१५ आठवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्याच गटात, गट १ मध्ये टाकलं. लगेच 'सिगारेटइतकंच घातक' असे मथळे झळकले. हा गट कर्करोग होतो याचा पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. आत बऱ्याच ठिकाणी हे नीट लिहिलंही होतं, तरी लोकांच्या डोक्यात सिगारेटच बसली! त्याच अहवालातला १८ टक्क्यांचा आकडाही असाच सुटा फिरला. रोज खाल्लेल्या प्रत्येक ५० ग्रॅममागे आतड्याच्या कर्करोगाचा मुळात असलेला धोका तेवढ्या प्रमाणात वाढतो, असा त्याचा अर्थ. मथळ्यात 'रोज ५० ग्रॅममागे' एवढं बसत नसेल, तर माझ्या मते आकडाच काढून टाकावा.